बरोबर म्हणेपर्यंत

"शेवटचं काम तोंडी करून टाकू," मॅडम म्हणाल्या, "मग मशीन सुरू."

काकांनी मान हलवली आणि हेडफोन कानाला लावला. कंट्रोल रूममध्ये सगळेच त्यांना काका म्हणत. मॅडम त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. नवीन मशीन त्यांनीच आणवलं होतं, पण माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या.

काम तसं साधं. गिऱ्हाईक काकांच्या कंपनीचं, पण अर्ध्या वाटेपासून पुढची इंटरनेटची केबल दुसऱ्या कंपनीची. एखाद्या गिऱ्हाइकाला थोडा वेळ रुंद लाइन हवी असली की दोन्हीकडून एकदमच रुंद करावी लागे. इकडे हमरस्ता आणि तिकडे बोळ, असं झालं की सगळं तुंबायचं. म्हणून पद्धत ठरलेली होती. काकांनी सूचना सांगायची, पलीकडच्याने ती तशीच्या तशी परत म्हणायची, मग काकांनी 'बरोबर' म्हणायचं. त्यानंतरच दोघांनी बटण दाबायचं. 'बरोबर' आलं नाही तर काही झालंच नाही असं धरायचं. आता हे सगळं दोन्हीकडची मशीनं आपापसात ठरवणार होती, आणि तेही पापणी लवायच्या आत.

"बोला, पलीकडचे," काका म्हणाले.

"बोला, पलीकडचे," कानात आवाज आला, आणि मागोमाग खोकला.

दोघंही एकमेकांना हेच म्हणत. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मॅडम उभ्या आहेत वाटतं पाठीशी?"

"आहेत."

"मग चहाचं नाव काढत नाही. पण एक सांगा, तुमचं हे मशीन खोकतं का?"

"नाही."

"मग मला ओळखणार कसं ते? चला, घ्या काम."

"हॉस्पिटलची लाइन. ऑपरेशन आहे, लांबचे डॉक्टर तिथूनच बघणार आहेत. चौपट करतोय."

"हॉस्पिटलची लाइन. चौपट करताय."

"बरोबर."

दोन्हीकडे बटणं दाबली गेली. स्क्रीनवरची बारीक हिरवी पट्टी हळूहळू जाड झाली.

"झालं," पलीकडचे म्हणाले. "आणि वहिनी काय म्हणतात?"

हा प्रश्न रोजचाच. दुपारी काकांच्या टेबलावरच्या फोनवर बायकोचा फोन यायचा. काका एका कानाला रिसीव्हर आणि एका कानाला हेडफोन लावून बसायचे, आणि तिचा आवाज असा खणखणीत की पलीकडेही ऐकू जायचा. एकदा ती म्हणाली, "डबा परत आणा, कालसारखा विसरू नका," आणि पलीकडच्यांनी सवयीने म्हणून टाकलं, "डबा परत आणा, कालसारखा विसरू नका." घरी गेल्यावर काकांनी तिला हे सांगितलं. भांडी घासता घासता ती इतकी हसली की तिला नळ बंद करावा लागला.

ती गेल्यावर काका पहिल्यांदा कामावर आले, त्या दिवशीही हाच प्रश्न आला होता. काकांच्या तोंडून निघून गेलं, "म्हणते काय, नेहमीचंच." मग रोज तेच उत्तर. ऑफिसातली माणसं जवळ येऊन खांद्यावर हात ठेवत, धीर धरा म्हणत आणि आपल्या बुटांकडे बघत. मुलगा संध्याकाळी फोन करून "जेवलात ना बाबा?" एवढं विचारी, काका "जेवलो" म्हणत. घरी, ऑफिसात, जिन्यात, सगळीकडे ती गेलेली होती. या एका लाइनवर तेवढी अजून होती.

"काय हो, वहिनी रागावल्यात की काय?" पलीकडचे म्हणाले.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "तोंडी लाइन बंद करायची सूचना द्या आता."

ती सूचना दिली असती तर संपलं असतं. पलीकडचे घरी गेले असते, आणि पुढे कधीतरी डबा उघडताना त्यांना आठवलं असतं, वहिनी काय म्हणत असतील. ते काकांना बरंही वाटत होतं आणि सोसतही नव्हतं. सकाळी बसमध्ये त्यांनी काय बोलायचं ते जुळवून पाहिलं होतं. पण सगळी वाक्यं दुसऱ्याच कुणाच्या तरी घरची वाटत होती.

काका खुर्चीत सरळ बसले.

"पलीकडचे, सूचना घ्या."

"द्या."

"माझी बायको गेली. मागच्या महिन्यात."

पलीकडून खोकला आला, तो अर्ध्यावरच दाबला गेला. मग आवाज आला, नेहमीच्या कामाचा, एकसारखा, एकेक शब्द सुटा.

"तुमची बायको गेली. मागच्या महिन्यात."

लोक म्हणाले होते, सुटल्या बिचाऱ्या. म्हणाले होते, तुम्ही सगळं केलंत. एवढंच, नुसतं एवढंच, कुणी म्हणालं नव्हतं.

मॅडमचा हात माउसकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. हॉस्पिटलची पट्टी स्क्रीनवर तशीच जाड, हिरवी, चालू होती. काकांनी तोंड उघडलं.

पलीकडचे 'बरोबर' यायची वाट पाहत थांबले होते.