फाटक्या कानाचा गेंडा

बायको एमिलियाना गेल्याची बातमी बोआयला गाडीतल्या वायरलेसवर कळली. ऑफिसातली मुलगी नवी होती, घाबरली होती. तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, आणि त्या दिवशी सेरेंगेटीत फिरणाऱ्या अकरा गाड्यांनी ते ऐकलं. बोआयने वायरलेसचं बटण बंद केलं. त्याला चार महिने झाले. वायरलेसशिवाय सफारीच्या गाइडची नोकरी होत नाही, म्हणून तो तेव्हापासून घरीच होता.

आज तो मालकाची गाडी मागून आणून विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातल्या अभयारण्यात उतरला होता. गाडीत परदेशी पाहुणे नव्हते. एमिलियानाची थोरली बहीण फाउस्टा, तिच्या चर्चच्या गायनमंडळातल्या चौघी आणि बोआयची मुलगी नतालिया होती. पायाशी मक्याच्या आणि घेवड्याच्या उसळीचं मोठं पातेलं होतं. उतारावर ते दोनदा कलंडता कलंडता राहिलं.

"उजव्या हाताला पाहा, रानम्हशींचा कळप," बोआय सवयीने म्हणाला. "यांची शिंगं..."

"म्हैस कळते आम्हाला, बोआय," फाउस्टा म्हणाली. "आम्ही काय विमानातून आलोय?"

गायनमंडळातली याकोबोची आई छपराच्या उघड्या भागातून डोकं बाहेर काढून उभी होती. "एवढी गुरं आणि एकीचंही दूध कोणी काढत नाही!" तिला खरंच वाईट वाटत होतं. मग शेजारून एक गाडी गेली. तिच्यातल्या गोऱ्या म्हातारीने हिचा फोटो काढला. हिनेही लगेच फोन काढून म्हातारीचा फोटो घेतला. दोघींनी एकमेकींना हात केला.

सिंह दिसले. ते झोपले होते. "आमच्या घरीही असाच एक आहे," कोणीतरी म्हणालं आणि गाडी हसून हलायला लागली.

पण फाउस्टा गेंडा पाहायला आली होती. तिने ते सकाळीच बजावलं होतं. "पंधरा वर्षं तू माझ्या बहिणीला त्या फाटक्या कानाच्या गेंड्याच्या गोष्टी सांगितल्यास. ती म्हणायची, ताई, नुसत्या थापा आहेत. आज बघतेच मी."

बोआयने तळ्याकाठून पाहिलं, झाडीच्या कडेने पाहिलं, दुर्बीण डोळ्यांना लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहिलं. दुपार झाली. उसळ संपली. नियमाप्रमाणे सहाच्या आत गाडी विवरातून वर काढायची होती.

"ते डबडं कशाला आहे मग?" फाउस्टाने वायरलेसकडे बोट केलं. "विचार ना कुणाला."

"बिघडलंय."

"बिघडलेलं नाही, मावशी," मागून नतालिया हळूच म्हणाली.

फाउस्टाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बोआयकडे. मग तिने हात लांब करून बटण फिरवलं.

खरखर झाली. बोआयने गाडी थांबवली. एक आवाज सांगत होता की पूर्वेच्या रस्त्यावर चिखल आहे. दुसरा विचारत होता, जादा टायर कुणाकडे आहे. तिसऱ्याचे पाहुणे जेवणाचे डबे हॉटेलातच विसरले होते आणि बाकीचे त्याला हसत होते. रोजची बडबड. बोआय ती पाच मिनिटं ऐकत राहिला.

मग त्याने माइक उचलला. "बोआय बोलतोय. गेंडा कुणाला दिसलाय?"

सगळे आवाज एकदम थांबले.

"बोआय?" हा दुसऱ्या गाडीतला गाइड दकारो होता. मग त्याने विचारलं, "पाहुणे कुठले आहेत रे? जर्मन?"

"सासरचे."

"मग आधी गेंड्याला सावध करायला हवं."

गाडीत हशा पिकला. फाउस्टाने माइक हिसकावला. "कोण रे तू? कुणाचा मुलगा?"

"दकारो, मावशी. मार्टिनाचा."

"मग ओळखते मी तुझ्या आईला. गेंडा दाखव, नाहीतर रविवारी चर्चच्या दारात भेट."

"दाखवतो, दाखवतो. उत्तरेच्या गवतात आहे. पळू नका, तो बसलाय."

तो खरंच बसला होता, खूप लांब. दुर्बीण हातोहात फिरली. "दगड आहे," याकोबोची आई म्हणाली. मग दगड उठला, वळला आणि त्याने मान वर केली. डावा कान मधोमध फाटलेला होता.

फाउस्टा बराच वेळ दुर्बीण सोडेना. "फाटकाच आहे की," ती शेवटी म्हणाली.

याकोबोच्या आईला राहवेना. एमिलियाना रविवारी चर्चमध्ये जे गाणं पुढे होऊन म्हणायची, ते तिने सुरू केलं.

"इथे गायला मनाई आहे," बोआय म्हणाला. "जनावरं बिथरतात."

म्हणून त्या तोंड मिटून गायल्या. पाचही जणी ओठ घट्ट दाबून, नाकातून गुणगुणत. नतालियाला हसू आवरत नव्हतं, आणि तिला पाहून बोआयलाही. गेंडा चरत राहिला.

"तिला का नाही आणलंस रे कधी?" फाउस्टाने दुर्बीण त्याच्या हातात देत विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"हंगाम संपला की जाऊ म्हणायचो," बोआय म्हणाला. "हंगाम संपला की गाडी दुरुस्तीला जायची."

घरापासून इथपर्यंत दोन तासांची वाट. अमेरिकेतून, जपानातून आलेल्या कितीतरी लोकांना त्याने हा गेंडा दाखवला होता. आज सासरच्यांनाही दाखवला. एमिलियानाला दाखवायचा राहिला.