प्रमाणासाठी उभी

"आजच सांगायला हवं, सर," फोनवर संपादिका म्हणाली. "संध्याकाळी पुस्तक छापायला जातंय. नवी आवृत्ती, नवी पद्धत. फोटोतल्या बाईंना काढून तिथे मोजपट्टी टाकू ना?"

'थोड्या वेळाने सांगतो,' म्हणून भूवैज्ञानिकांनी फोन ठेवला. नाही म्हणायचं होतं, पण कारण सापडत नव्हतं. आणि कारणाशिवाय ते आयुष्यात कशालाही नाही म्हणाले नव्हते.

फोटोत त्यांची बायको एका कड्यापाशी उभी होती. खडकाचा फोटो काढताना शेजारी ओळखीचं काहीतरी लागतं, म्हणजे थर केवढा ते कळतं. हातोडा गाडीत राहिला होता, म्हणून बायको. खाली ओळ: 'प्रमाणासाठी व्यक्ती, उंची १६० सेंमी.' थर बरोबर तिच्या तिप्पट, चार मीटर ऐंशी. पुढे खाणवाल्यांनी ती टेकडीच खाल्ली. आकडा तेवढा राहिला. तीनशे बारा शोधनिबंधांनी तो त्यांच्या नावासकट उचलला. त्यांच्या बाकीच्या सव्वीस निबंधांना कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण दर सोमवारी ते मोजून बघत.

"काय म्हणते ती?" मेहुणीने आतून विचारलं. बहीण जाऊन आठ महिने झाले होते. कपाट आवरायला आज तिलाच यावं लागलं होतं. कपड्यांचा ढीग घेऊन ती बाहेर आली आणि बसायला जागा शोधू लागली. तिन्ही खुर्च्यांवर दगड बसले होते.

"हिला काढायचं म्हणते. एकशे साठ धरून पट्टी टाकायची."

"एकशे साठ? ताई?" मेहुणीला हसू आवरेना. "अहो भाऊजी, तुम्ही पडलात ताडमाड. लग्न जुळवताना आईने पदरचे दोन इंच घालून सांगितले होते! पुढे पासपोर्टवरही तुम्हीच तो आकडा ठोकून दिलात. ताई म्हणायची, आता यांना सांगणार कोण?"

भूवैज्ञानिक हसले नाहीत. बे त्रिक सहा, त्यांनी मनात केलं. थर सहा इंचांनी कमी. तीनशे बारा लोकांच्या घरी आपले सहा-सहा इंच.

"म्हणजे आकडा चूक," ते म्हणाले. "माझ्याकडे तेवढाच एक होता."

"आकड्याचं काय घेऊन बसलात! जगातला धोंडा न् धोंडा मोजलात. छत्तीस वर्षं माणूस घरात वावरत होतं. एकदा टेप लावली असतीत तर?"

बोलून गेल्यावर तिलाच ते जड वाटलं असावं. "चहा टाकते," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

त्यांनी खण उघडून मूळ फोटो काढला. पुस्तकात त्याची खालची बाजू नेहमी डांबरासारखी काळी छापली जाई. इथे सगळं स्वच्छ होतं. खडकातले कण बघायचं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं. सवयीने आधी थर पाहिला. मग तिचं डोकं, मग खडकावर टेकलेला हात. मग पाय.

टाचा जमिनीला लागल्या नव्हत्या.

त्यांनी भिंग पुसून पुन्हा लावलं. चांगल्या दोन इंच वर. पोटऱ्या ताणलेल्या. हात टेकला होता तो ऐट म्हणून नाही, तोल जाऊ नये म्हणून.

उभं करण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "एकशे साठ ना गं तू?" ती जराशी थांबून "हो" म्हणाली होती. मग ढग सरकेना. "हलू नकोस," ते ओरडत होते. "झालं का हो?" तिने तीनदा विचारलं होतं. वीस मिनिटं. त्या दिवसाच्या डायरीत वारा होता, उजेड होता, थराचा उतार होता.

फोन वाजला.

"काढू ना, सर, त्यांना?"

"नको. राहू दे. आणि फोटो खालून काळा करू नका. मूळ प्रत पाठवतो."

"पण सर, खाली खडक नाहीच आहे. नुसते पाय आहेत."

भिंग अजून डोळ्यालाच होतं.

"मोजायला सुरुवात खालूनच करतात," ते म्हणाले.