हवा तो चेहरा

प्रोजेक्टचा विषय होता 'एकाकी म्हातारपण', म्हणून फोटोग्राफी शिकणारे चिरंजीव कितीतरी महिन्यांनी बाबांच्या घरी उगवले. आल्या आल्या त्यांनी नाक मुरडलं, कारण बाबा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघत बसले होते.

"अहो, एकटा माणूस असा नटतो का? जुना बनियन घाला एखादा!"

बाबांनी निमूटपणे बनियन घातला. चिरंजीवांनी खुर्ची खिडकीशी ओढली, अर्धा पडदा लावून बाबांचा अर्धा चेहरा अंधारात ढकलला आणि ॲपर्चर, शटर, आयएसओ यांच्याशी तासभर झटापट केली. उजेड झकास जमला, पण म्हातारा काही केल्या एकाकी दिसेना. प्रत्येक फोटोत आपलं तोंडभर हसू!

"बाबा, लग्नाचे फोटो काढतोय का मी? सगळ्याचा विचका केलात. जाऊ दे, निघतो मी."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला.

 

"हां, अस्सं!" चिरंजीवांनी झटकन कॅमेरा डोळ्याला लावला. "आता अजिबात हलू नका."