सगळ्यांना सारखंच

बिर्ला नगरचं ऑफिस सिटी सेंटरच्या ऑफिसात विलीन झालं, तरी तिकडून आलेली दुर्गा आणि तिची माणसं अजून पॅसेजमधल्या खुर्च्यांवरच बसत होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. "भोपाळच्या साहेबांसमोर सिस्टम नीट चालली, की तुम्हालाही टेबलं," असं मॅनेजर मुकुंदरावांनी कबूल केलं होतं. पण लिनक्सच्या टर्मिनलनं, म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या विंडोनं, छळ मांडला होता. एका विंडोत चालणारी कमांड शेजारच्या विंडोत ओळखच देईना.

"भूत लागलंय का याला?" मुकुंदराव करवादले.

"भूत नाही, सर," दुर्गा म्हणाली. "बाहेरून लॉगिन करून आलं की हा एक फाइल वाचतो, आणि आतल्या आत नवी विंडो उघडली की दुसरीच. आपल्या सगळ्या सेटिंग्ज त्या दुसरीत आहेत. लॉगिनवाला बिचारा रिकाम्या हातानं बसतो."

"म्हणजे घरातल्याला पुरणपोळी, न् बाहेरून आलेल्याला पाणीसुद्धा नाही? हे तर गलत आहे!"

दुर्गा हसली. पहिल्या फाइलीत तिनं एकच ओळ घातली, की बाबा, तू ती दुसरीही वाचत जा.

"घ्या. आता कुठल्याही वाटेनं या, सगळ्यांना सारखंच."

मुकुंदरावांनी भराभर विंडो उघडून पाहिल्या. त्यांना गहिवरूनच आलं. "बढिया! विलीनीकरण म्हणतात ते हे. उद्या साहेबांना हेच दाखवतो."

"मग आमची टेबलं, सर?"

"होईल गं, तेही होईल. उद्या फक्त तुझ्या लोकांना सांग, समोरून साहेब येणार आहेत, तुम्ही मागच्या जिन्यानं या."