दोन मिलिमीटर

“पृथ्वी सपाट आहे, आणि आज त्याचा कायमचा निकाल लागणार आहे!” मुलाने गच्चीच्या मधोमध उभं राहून साऱ्या जगाला ठणकावून सांगितलं. तेवढ्यात मोबाइलसकट तिवई कलंडली. पृथ्वीचं काही असो, गच्चीला मात्र पावसाचं पाणी निघून जायला चांगला उतार होता.

सुनेने तिवईच्या एका पायाखाली विटेचा तुकडा सारला. सासरे समुद्राकडच्या कठड्याशी उभे होते. त्यांनी एकतीस वर्षं जहाजं चालवली होती. निवृत्त झाले तरी सगळा शेजार त्यांना कप्तानच म्हणे. आज जुना युनिफॉर्म पेटीतून निघाला होता. पोटावरचं बटण लागेना, म्हणून तिथे सेफ्टी पिन आली होती. ‘एका कप्तानाची कबुली’ मुलाच्या चॅनेलवरच्या चाळीस हजार लोकांना आठवडाभर आधीच जाहीर झाली होती. कप्तानांना ती आज सकाळी चहाबरोबर कळली.

“बाबा, एकच तर वाक्य म्हणायचंय. ‘एवढी वर्षं समुद्रावर काढली, पण पृथ्वी गोल असल्याचा एकही पुरावा मला दिसला नाही.’ संपलं.”

“रोज दिसायचा,” कप्तान म्हणाले. “जितकं उंचावरून बघावं, तितकं क्षितिज खाली जातं. ताऱ्याची उंची मोजली की तेवढं वजा करायचं. एक दिवस विसरलो असतो, तर जहाज आठ मैल भलतीकडे. आणि तिथे खडक असतात, तुझे प्रेक्षक नसतात.”

“असं? मग हे बघा.” गवंडी पातळी बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी मुलाने कठड्यावर बसवली होती. दोन्ही टोकं वर, मधे मीटरभर अंतर, आत लाल रंगाचं पाणी. “पाणी तर खोटं बोलत नाही ना? या टोकाच्या पाण्यावरून त्या टोकाच्या पाण्यावर नजर लावा. पुढे क्षितिज. बरोब्बर एका रेषेत!”

कप्तान वाकले. एक डोळा मिटला. श्वास रोखून बराच वेळ पाहत राहिले.

“क्षितिज दोन मिलिमीटर खाली आहे.”

“दोन मिलिमीटर!” मुलगा हसला. “अहो, मोबाइलवर कुणाला दिसणार आहेत ते?”

“मला दिसतात.”

“तुम्हाला माझ्यातसुद्धा जन्मभर तेवढंच दिसलं, बाबा. कुठे किती कमी पडलो, ते.”

कप्तान नळीवरून सरळ झाले. कॉलर नीट करण्याच्या निमित्ताने सून जवळ आली.

“नोकरी गेल्यापासून दोन वर्षं हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा,” ती हळूच म्हणाली. “आता सकाळी आपणहून उठतो. तुम्ही बघताय ना, बाबा?”

बघत होते. मुलाने आज दाढी केली होती. शर्टाला कडक इस्त्री होती.

कप्तानांनी एकदा समुद्राकडे पाहिलं. लांब एक जहाज चाललं होतं. खालचं धूड कधीच बुडालं होतं. पाण्यावर नुसतं धुराडं उरलं होतं. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

मग ते मोबाइलकडे वळले. टाचा जुळवल्या, ताठ झाले, आणि ज्या आवाजात भर वादळात हुकूम सोडले होते, त्याच आवाजात ते वाक्य म्हणाले. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मुलाने मोबाइल काढला, आत्ताचं सगळं पुन्हा लावून पाहिलं. त्याचा चेहरा उजळला.

“फर्स्टक्लास, बाबा! फक्त एकदा परत घेऊ या का? या वेळी जरा हसून.”