प्रणालीच्या कॅप्सूल

किमोला दाद न देणाऱ्या ब्लड कॅन्सरवरच्या नव्या कॅप्सूल आनंदाबाईच्या लेकीच्या, प्रणालीच्या नावाने फुकट मंजूर झाल्या, तेव्हा तिला घरीच वारून आठवडा झाला होता. वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या प्रफुललाही तोच आजार, पण त्याचा अर्ज नामंजूर झालेला. आनंदाबाईने लेकीच्या फोटोवरचा हार उतरवला आणि वर्ध्याला जाऊन औषधाच्या खिडकीशी उभी राहिली.

"पोरगी कशी आहे?" खिडकीतल्या बाबूने विचारलं.

"बरी आहे जी."

दर महिन्याला ती कारंज्याहून यायची, हेच सांगायची, अन् डबी सेलूला प्रफुलच्या आईच्या हातात नेऊन ठेवायची. पोरगा उठला, दुकानात बसायला लागला. दोन वर्षांनी आजार उलटला. कॅप्सूल लागू पडेना. प्रफुल गेला.

"आता नका जाऊ वं, आनंदाबाई," त्याची आई रडत म्हणाली. "सांगून द्या त्याईले, पोरगी नाई म्हणून."

आनंदाबाईने मान डोलावली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा खिडकीशी होती.

"कशी आहे प्रणाली?"

"बरी आहे जी," आनंदाबाई हसली. "यंदा पोरं पाहून राह्यलो तिच्यासाठी."