फोडणी न सोसणारं घर

"ज्या घराला फोडणी सोसत नाही, ते घर कसलं गं?" सॅम्पल फ्लॅट बघतानाच सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. ओपन किचन आणि धूर ओळखणारा भोंगा मला हवाच होता. घरात तान्हं बाळ होतं ना!

आज त्यांनी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि छतातला भोंगा बोंबलू लागला. लिफ्ट आपोआप बंद पडली. बाळाला उचलून मी ओरडले, "आई, खाली चला!"

"मिरच्या अजून कच्च्या आहेत. तू हो पुढे."

एकोणीस मजले उतरले. खाली अख्खी इमारत जमली होती, एक काका तर दाढीच्या फेसासकट. काय जळतंय, सगळे मलाच विचारत होते. मी बाळाची टोपी सारखी करत राहिले.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. "तुझ्या भोंग्याला झाडूने झोडलं, तर छतातून पाणीच पडायला लागलं! छत्रीखाली बसून ठेचतेय."

मी जमलेल्यांना म्हटलं, "माझ्या पायांत गोळे आलेत. तुमच्यापैकी कुणी वर जाणार असाल, तर आमच्या आईंकडे जरा डोकावून बघाल? जाताना भाकरी न्या."